अमेरिकेचा पश्चिमविस्तार हायस्कूलला कसा शिकवावा: आधी जमीन, मग नकाशा

प्रश्न थोडक्यात असा होता. आयोवातल्या एका हायस्कूलमध्ये अकरावीला अमेरिकेचा इतिहास शिकवायला मिळाला आहे. पश्चिमविस्तारासाठी हातात साधारण तीन आठवडे आहेत. पुस्तकात रंगीत तुकड्यांचा नकाशा आणि तारखांची यादी आहे. मुलं एकतर कंटाळतात, नाहीतर ‘हे चांगलं झालं की वाईट?’ एवढं विचारून मोकळी होतात. आपण भारतातून आलेल्या. यांचा इतिहास यांनाच शिकवायचा आपल्याला काय अधिकार, ही धाकधूकही त्यात होती.

मी नेब्रास्कात बरीच वर्षं हाच विषय शिकवते आहे. पहिलं सांगणं हे, की तो नकाशा पहिल्या आठवड्यात भिंतीवर लावूच नका. १८०३ लुइझियाना, १८४५ टेक्सस, १८४६ ऑरेगन, १८४८ मेक्सिकोकडून घेतलेला मुलूख, १८५३ गॅड्सडेन. एकेक तुकडा जोडत गेले आणि देश पूर्ण झाला, असं तो नकाशा मुलांच्या मनात पक्कं करून टाकतो. त्या रंगांखाली राहणारी माणसं त्यात कुठेच नाहीत. १८०३ मध्ये जेफरसनच्या सरकारने फ्रान्सला दीड कोटी डॉलर दिले, ते प्रत्यक्ष जमिनीचे नव्हते. त्या प्रदेशावर फ्रान्सचा ताबा नावापुरता होता. अमेरिकेला मिळालं ते एवढंच, की युरोपातल्या कुठल्या सत्तेने इथे हात घालायचा नाही, आणि इथल्या जमातींकडून जमीन घ्यायचा हक्क फक्त अमेरिकेचा. खरी जमीन पुढची ऐंशीएक वर्षं एकेका जमातीकडून घेतली गेली: तह करून, लढून, धमकावून आणि अनेकदा फसवून. हे एकदा वर्गाला कळलं की पुढचा सगळा धडा वेगळ्या दिशेने जातो.

नकाशाच्या जागी जमिनीचा एकच तुकडा घ्या आणि त्याची कागदपत्रं मुलांकडून वाचून घ्या. आपल्याकडे घरोघरी सातबारा आणि त्यावरचे फेरफार ठाऊक असतात. ‘आधी कोणाच्या नावावर होती, मग यांच्याकडे कशी आली?’ हा प्रश्न मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. अमेरिकेचा पश्चिमविस्तार शिकवायला याच प्रश्नाची गरज आहे, आणि तो विचारायची सवय तुम्ही घरून घेऊन आला आहात. त्यामुळे अधिकाराची काळजी सोडा.

माझ्या वर्गातला तुकडा ठरलेला आहे. नेब्रास्काच्या आग्नेय भागात बिअॅट्रिस गावाच्या पश्चिमेला कब क्रीक नावाचा ओढा आहे. त्याच्या काठची १६० एकर जमीन डॅनियल फ्रीमनच्या नावावर झाली, आणि होमस्टेड कायद्याखाली (सरकारी जमिनीवर पाच वर्षं राहून ती कसणाऱ्याच्या नावावर करणारा कायदा) नोंदवलेल्या अगदी पहिल्या दाव्यांपैकी हा एक. तारीख १ जानेवारी १८६३, कायदा लागू झाला तोच दिवस. ब्राउनव्हिलच्या जमीन कचेरीत मध्यरात्र उलटताच त्याने नाव नोंदवलं असं सांगतात. त्याचे मूळ कागद राष्ट्रीय अभिलेखागाराने सगळ्यांना बघायला ठेवले आहेत, आणि ती जागा आज राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आहे.

पहिल्या दिवशी मी मुलांना कसलीही पार्श्वभूमी न देता १८६८ सालचा एकच कागद देते. पाच वर्षं जमिनीवर राहून ती कसल्याचं दोन शेजाऱ्यांनी शपथेवर सांगायचं असे, त्याचा हा कागद. त्यात लिहिलंय की फ्रीमनने १४ बाय २० फुटांचं एकमजली घर बांधलं आहे, अर्धं ओंडक्यांचं, अर्धं फळ्यांचं. दोन दारं, दोन खिडक्या. सुमारे ३५ एकर नांगरून कुंपण घातलं आहे. तबेला आहे, मेंढ्यांसाठी १०० फूट लांब शेड आहे, मक्याची कणगी आहे, ४० सफरचंदाची आणि ४०० च्या आसपास पीचची झाडं लावली आहेत. मुलं हे वाचून जमिनीवर १४ बाय २० चा चौकोन आखतात, त्यात उभी राहतात. तेवढ्या घरात नेब्रास्कातला हिवाळा काढायचा म्हणजे काय, ते तिथेच कळतं. फ्रीमनचे कष्ट खरे होते, आणि ते मुलांना आधी दिसायलाच हवेत. माझ्या वर्गात अशाच घरांतली चौथी-पाचवी पिढी बसलेली असते. त्यांच्या पणजोबांची मेहनत आपण खोटी ठरवतोय असं त्यांना वाटलं, तर पुढचं एक अक्षर कानात शिरत नाही.

मग विचारायचं: याचे एकूण किती पैसे पडले? नोंदणी, दलाली, शेवटची फी मिळून १८ डॉलर. इतकी स्वस्त जमीन सरकारकडे आली कुठून?

इथे दुसरा कागद काढायचा. १५ मार्च १८५४, वॉशिंग्टन. ओटो आणि मिसूरिया या जमातींशी झालेला तह. सरकारतर्फे इंडियन खात्याचे आयुक्त जॉर्ज मॅनिपेनी, आणि जमातीच्या प्रमुखांच्या नावांपुढे सह्यांऐवजी फुल्या. या एका कागदाने मिसूरी नदीच्या पश्चिमेची त्यांची बहुतेक सगळी जमीन गेली. बिग ब्लू नदीवर दहा मैल रुंद, पंचवीस मैल लांब एवढी पट्टी त्यांना राहिली. ती पट्टी फ्रीमनच्या शेतापासून फार लांब नव्हती. फ्रीमन सफरचंद लावत होता तेव्हा ओटो लोक तिथेच राहत होते. पुढे तीही विकली गेली आणि १८८१ मध्ये त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. त्यांचं सरकार आजही तिथे रेड रॉकला आहे.

आता तह आणि दावा यांच्या मधला कागद: सरकारी मोजणीचा नकाशा. १७८५ च्या कायद्याने सगळी जमीन सहा मैल बाय सहा मैलांच्या टाउनशिपमध्ये कापली गेली, प्रत्येकीत ३६ सेक्शन, एकेक ६४० एकरांचं, आणि सोळावं सेक्शन शाळेसाठी राखीव. तुमच्या आयोवातले सरळसोट काटकोनी रस्ते याच आखणीवर आहेत, हे मुलांना फोनवरच्या उपग्रहचित्रावर दाखवा. फ्रीमनची जमीन टाउनशिप ४ उत्तर, रेंज ५ पूर्व, सेक्शन २६ मध्ये येते. १६० एकर म्हणजे चौकोन असेल असं वाटतं, पण त्याने चाळीस-चाळीस एकरांचे चार तुकडे इंग्रजी टी अक्षरासारखे निवडले. का, ते मुलांना शोधू दे. ओढा आणि झाडी कुठे आहे ते बघितलं की उत्तर सापडतं.

एवढ्या तीन कागदांवर माझे जवळजवळ चार तास जातात, आणि ते सगळे वसूल होतात. कारण पुस्तकातले बाकीचे विषय आता याच जमिनीवर येऊन बसतात. १८५४ चंच बघा. मार्चमध्ये ओटोंशी तह, दुसऱ्या दिवशी ओमाहा जमातीशी तह, आणि ३० मेला कॅन्सस-नेब्रास्का कायदा. पुस्तकात तह एका प्रकरणात असतात आणि गुलामगिरीचा वाद दुसऱ्या. प्रत्यक्षात लोहमार्गासाठी आणि वसाहतीसाठी हा मुलूख मोकळा करून हवा होता. तो मोकळा झाला की तिथे गुलामगिरी चालणार का, हा भांडणाचा मुद्दा झाला, आणि कॅन्सस पेटलं. होमस्टेडचा कायदा १८६० मध्ये राष्ट्राध्यक्ष बुकॅनन यांनी नाकारला होता. दक्षिणेतले सदस्य संसद सोडून गेले आणि मग १८६२ मध्ये तो लिंकन यांच्या सहीने झाला. पॅसिफिक रेल्वेचा कायदा आणि कृषी महाविद्यालयांचा मॉरिल कायदा त्याच उन्हाळ्यातले. पश्चिमविस्तार आणि यादवी युद्ध वेगवेगळे धडे म्हणून शिकवले तर मुलांना दोन्ही अर्धवट समजतात.

तुमच्यासाठी मात्र आयोवातलीच गोष्ट घ्या. ती माझ्या गोष्टीहून सरस आहे. १८३२ मध्ये ब्लॅक हॉकची लढाई झाली आणि मिसिसिपीच्या पश्चिमेची लांबलचक पट्टी सॉक आणि मेस्क्वाकी लोकांकडून काढून घेतली गेली. १८४२ च्या तहाने त्यांची आयोवातली उरलेली जमीन गेली, १८४५ पर्यंत कॅन्ससकडे जायचं होतं. मेस्क्वाकींपैकी काही गेले, काही लपून राहिले, काही परत आले. मग त्यांनी जे केलं ते मुलांना थक्क करतं. १८५६ मध्ये आयोवाच्या विधिमंडळाने त्यांना राहायची परवानगी दिली, आणि १८५७ मध्ये त्यांनी टामा परगण्यात आयोवा नदीकाठी ८० एकर जमीन रोख पैसे मोजून विकत घेतली. ज्या मुलखातून त्यांना काढलं, तिथलीच जमीन खरेदीखत करून परत. त्यांची वसाहत आज ८ हजार एकरांहून मोठी आहे. तुमच्या शाळेपासून तिथवर गाडीने जाता येत असेल, तर आधी पत्र लिहून, त्यांच्या संग्रहालयाची परवानगी घेऊन मुलांना घेऊन जा.

हे उदाहरण घ्यायचं आणखी एक कारण. पुस्तकात हा विषय बहुधा २९ डिसेंबर १८९० ला वूंडेड नीला झालेल्या लाकोटा जमातीच्या हत्याकांडापाशी संपतो. त्याच वर्षीच्या जनगणनेने पश्चिमेकडच्या वसाहतीच्या सरहद्दीची रेषा आता उरली नाही असं म्हटलं, १८९३ मध्ये इतिहासकार टर्नर यांनी शिकागोत या सरहद्दीवरचा आपला निबंध वाचला, आणि पान उलटलं. मुलांच्या मनात उरतं ते हे, की मूळ रहिवासी दुर्दैवी होते आणि ते संपले. टामातले मेस्क्वाकी संपलेले नाहीत. म्हणून माझा धडा मी सर्वोच्च न्यायालयात संपवते. १८६८ च्या फोर्ट लॅरमीच्या तहाने ब्लॅक हिल्स या टेकड्या लाकोटांच्या होत्या, आणि तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्यांशिवाय त्या घेता येणार नव्हत्या. १८७४ मध्ये सेनाधिकारी कस्टरच्या तुकडीला तिथे सोनं सापडलं, आणि १८७७ मध्ये जेमतेम दहा टक्के सह्यांवर त्या घेतल्या. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भरपाई न देता केलेली कारवाई ठरवून व्याजासह दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली. लाकोटांनी आजवर ते पैसे उचललेले नाहीत. त्यांना डोंगर हवे आहेत. दुसरा निकाल २०२० चा, मॅकगर्ट खटल्याचा: पूर्व ओक्लाहोमातलं मस्कोगी राष्ट्राचं राखीव क्षेत्र संसदेने कधी मोडलंच नव्हतं, म्हणून फौजदारी कायद्यापुरतं ते आजही कायम आहे. हे निकाल वाचताना मागच्या बाकावरची मुलंसुद्धा सावरून बसतात, कारण तह म्हणजे जुना कागद ही त्यांची समजूत तिथे मोडते.

चेरोकी जमातीला वेगळे दोन दिवस द्या. ‘त्यांच्याकडे लिहिता येत नव्हतं, कायदे नव्हते, म्हणून टिकले नाहीत’ असं म्हणणारं एक तरी मूल वर्गात असतं. चेरोकींकडे सेक्वोयाने घडवलेली लिपी होती, १८२७ पासून लेखी राज्यघटना होती, १८२८ पासून चेरोकी आणि इंग्रजीत छापलं जाणारं वर्तमानपत्र होतं. १८३२ मध्ये जॉर्जिया राज्याविरुद्धच्या वूस्टर खटल्यात मुख्य न्यायाधीश मार्शल यांचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. तरी १८३५ च्या डिसेंबरमध्ये न्यू एकोटाला मूठभर लोकांनी, प्रमुख जॉन रॉस यांना डावलून, जमीन सोडून जायचा तह केला. रॉस यांनी पंधरा हजारांहून अधिक लोकांचा विरोध संसदेपुढे ठेवला. सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागत होती. त्याहून एकच मत जास्त पडलं. १८३८ मध्ये जनरल स्कॉटचे सैनिक आले, सुमारे १६ हजार माणसांना घराबाहेर काढलं, आणि छावण्यांत व वाटेत मिळून सुमारे चार हजार गेली असा अंदाज आहे. रॉस यांचं त्या तहाविरुद्धचं पत्र मोठ्याने वाचून घ्या. एका मुलाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये तुम्ही काही समजावायचं नाही.

‘चांगलं की वाईट’ या प्रश्नाचं उत्तर मला इथेच सापडलं. आजच्या मापाने निवाडा करू नका असं मुलांना सांगितलं जातं, म्हणून मी त्याच काळातले आवाज ठेवते. १८३० मध्ये जमाती हटवायचा कायदा आला तेव्हा न्यू जर्सीचे सिनेटर फ्रीलिंगहायसन त्याविरुद्ध तीन दिवसांत मिळून सहा तास बोलले. टेनेसीचे डेव्हिड क्रॉकेट यांनी आपल्याच राज्याच्या राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांच्या विरोधात मत दिलं. १८४७ मध्ये, मेक्सिकोशी युद्ध चालू असताना, इलिनॉयचा नवखा प्रतिनिधी लिंकन विचारत होता, मेक्सिकोने अमेरिकेच्या कोणत्या जागेवर रक्त सांडलं ती जागा दाखवा. म्हणजे दुसरा मार्ग तेव्हाही लोकांना दिसत होता. ‘त्या दिवशी यांच्यापुढे कोणते पर्याय होते, कोणी कोणता निवडला, आणि का?’ असं विचारलं की वर्गात भांडण होतं, पण ते पुराव्यावर होतं.

एक गोष्ट अजिबात करू नका. अश्रूंच्या वाटेचं (चेरोकींच्या त्या हकालपट्टीचं) किंवा जमिनीसाठीच्या धावेचं (आधी पोचेल त्याची जमीन) नाटक वर्गात बसवू नका. अशी नाटकं खूप शाळांतून होत आली आहेत. हजारो मृत्यूंचं अनुकरण जिमखान्यात फेऱ्या मारून होत नाही, आणि वर्गात एखादं मूळ रहिवासी घरातलं मूल असलं तर त्याचे हाल विचारू नका. १८८९ ची ओक्लाहोमातली धाव खेळ म्हणून खेळली की ती जमीन कोणाची होती हा प्रश्नच पुसला जातो. ऑरेगनच्या वाटेवरचे काफिले आणि हल्लेखोर यांचंही तेच. १८४० ते १८६० या काळात त्या वाटेवर मूळ रहिवाशांच्या हातून ३६२ प्रवासी मारले गेले आणि प्रवाशांच्या हातून ४२६ मूळ रहिवासी, अशी एका अभ्यासकाची मोजणी आहे. पटकी आणि इतर आजारांनी त्याहून कितीतरी अधिक प्रवासी नेले. हे आकडे फळ्यावर लिहा, नाटकाची गरज उरत नाही.

सरकारी कागदांवर भर दिल्याने एक अडचण येते: सगळं एका बाजूच्या हातचं असतं. त्यावर माझा उतारा म्हणजे लाकोटा आणि नाकोटा लोकांच्या हिवाळ्यांच्या नोंदी. दरवर्षी त्या वर्षाची एक मोठी घटना चित्रात काढायची. लोन डॉग यांच्या नोंदीत १८०० पासून १८७१ पर्यंतची वर्षं आतून बाहेर फिरत जाणाऱ्या चक्रात आहेत. त्यात अंगभर लाल ठिपके असलेला माणूस म्हणजे देवीची साथ, आणि १८३३ च्या हिवाळ्याला आकाशातून पडणारे तारे. त्या नोव्हेंबरात झालेला उल्कावर्षाव खगोलशास्त्रात नोंदलेला आहे, आणि त्यावरून बाकीची वर्षं जुळवता येतात. मुलांना आधी ते वर्ष शोधायला लावा. मग सांगा, १८०३ साली या नोंदीत लुइझियानाची खरेदी आहे का बघा. नाही. ती झाल्याचं तिथे कोणाला जाणवलंच नव्हतं.

कॅलिफोर्नियाबद्दल एवढंच: सटर्स मिलला सोनं २४ जानेवारी १८४८ ला सापडलं आणि मेक्सिकोशी युद्ध संपवणारा ग्वादालूपे इदाल्गोचा तह २ फेब्रुवारीला झाला, नऊ दिवसांनी. वाटाघाटी करणाऱ्यांना सोन्याचा पत्ता नव्हता. त्या तहातलं मेक्सिकन जमीनदारांच्या हक्कांबद्दलचं दहावं कलम सिनेटने काढून टाकलं आणि १८५१ च्या कायद्याने मालकी सिद्ध करायचा बोजा त्यांच्याच डोक्यावर आला. वेळ असेल तर कलम ठेवलेला आणि काढलेला, दोन्ही मसुदे शेजारी ठेवा.

वर्गात भारतीय मुलं असतील तर त्यांना होमस्टेडची एक अट वाचू द्या: अर्जदार नागरिक हवा, किंवा नागरिक व्हायचा इरादा त्याने जाहीर केलेला हवा. १७९० च्या कायद्याने बाहेरून आलेल्यांत नागरिकत्व फक्त गोऱ्या माणसाला मिळे. यादवी युद्धानंतर आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळालं, आणि केंटकीतून आलेल्या कृष्णवर्णीयांनी १८७७ मध्ये कॅन्ससमध्ये निकोडेमस गाव वसवलं. सेंट्रल पॅसिफिकचा लोहमार्ग सिएरा नेवाडातून खोदणाऱ्या हजारो चिनी मजुरांना मात्र ही वाट बंद होती. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या अमेरिकी सैन्यात राहिलेल्या माणसाचं नागरिकत्वही सर्वोच्च न्यायालयाने नाकारलं, आणि कॅलिफोर्नियात पंजाबी शेतकऱ्यांना जमीन आपल्या नावावर करता येईना. मराठी वाचता येणारं मूल असेल तर त्याला पंडिता रमाबाईंचं अमेरिकेवरचं १८८९ चं पुस्तक द्या. जमातींची सामाईक जमीन तोडून वाटणारा डॉज कायदा १८८७ मध्ये झाला तेव्हा त्या तिथेच होत्या. त्या कायद्याच्या वेळी जमातींकडे १३ कोटी ८० लाख एकर होती, १९३४ मध्ये सुमारे ४ कोटी ८० लाख उरली.

जॉन गॅस्टचं १८७२ चं चित्र, तारायंत्राची तार ओढत आकाशातून जाणारी ती पांढऱ्या वस्त्रातली बाई, बहुतेक जण पहिल्या दिवशी दाखवतात. मी शेवटी दाखवते. प्रवाशांसाठी मार्गदर्शिका छापणाऱ्या क्रॉफट यांनी ते काढून घेतलं होतं. म्हणजे ते तिकिटं आणि सहली खपवणाऱ्या धंद्यातलं चित्र आहे. तीन आठवड्यांनंतर मुलं त्यात डाव्या कडेला पळणाऱ्या माणसांची नावं विचारतात.

परीक्षेसाठी निबंध मी ठेवत नाही. प्रत्येकाने एक सेक्शन निवडायचं आणि त्याची साखळी लावायची: कोणत्या तहाने गेली, कधी मोजली, पहिला पट्टा (सरकारने दिलेला मालकीचा कागद) कोणाच्या नावे, कोणत्या कायद्याखाली, आज तिथे काय आहे. केंद्रीय भूमी व्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर परगणा आणि टाउनशिप टाकली की पट्ट्यांच्या प्रती आणि मोजणीचे नकाशे फुकट मिळतात. तह शोधायला चार्ल्स रॉयस यांचे १८९९ चे नकाशे वापरा. प्रत्येक तुकड्याला क्रमांक आहे. आयोवात होमस्टेडचे पट्टे कमी सापडतील, कारण तिथली बरीच जमीन १८६२ च्या आधीच रोखीने किंवा माजी सैनिकांच्या जमीन-हक्कपत्रांवर गेली होती. ही हक्कपत्रं सैनिक बरेचदा दलालांना विकत, म्हणून पट्ट्यावर दोन नावं दिसतात. मुलं तिथे अडकतात, तेवढं आधीच सांगून ठेवा.